डेअरीचा काळा पडदा

११ नोव्हेंबर, सोमवार
कुमारनं आज लॅपटॉपच्या वायरनं मारलं. "दिसभर त्या काळ्या पडद्यावर कुणाला लिहितीस?" नवऱ्याला कसं सांगू – मार्गासनीच्या डेअरीचा सर्व्हर आहे तो! नुसती अक्षरं. ना चित्र, ना माऊस. गावोगावच्या केंद्रांना घरबसल्या त्यात शिरता यावं, साध्या कॉम्प्युटरसारखं काम करता यावं, एवढंच मला जमवायचंय.
सासरे खाटेवर तंबाखू मळत होते. सासूबाई म्हणाल्या, "तू उलट बोलू नगं, म्हंजी झालं."

१३ नोव्हेंबर
सर्व्हरवर डेस्कटॉप, म्हणजे चित्रांचा पडदा, चढवला. लांबून लॉगिन होतं, पण पासवर्ड टाकला की सगळं काळं! डेअरीत कामाला असलेली रत्ना दूध मापता मापता म्हणाली, "मेलं व्हय गं ते?" मेलं नाही. कुठंतरी माझंच चुकतंय.

१४ नोव्हेंबर
माझ्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. दाराच्या फटीत धरून दार आपटलं कुमारनं.

१७ नोव्हेंबर, पाली
माहेरी, भिमादादाकडं आले. डाव्या हातानं टाइप करते.
सापडलं! लॉगिन झाल्यावर कोणता डेस्कटॉप उघडायचा, ती एक ओळ राहिली होती. लिहिली – आणि पालीत बसून मार्गासनीचा निळा पडदा! दादा म्हणाला, "लई भारी." मी वेड्यासारखी रडले.

१८ नोव्हेंबर
डेअरीतल्या कॅमेऱ्याचं चित्र दिसतं का बघत होते. रेंज कमी, चित्र अडखळत होतं.
कुमार आत शिरला. तोंड हलतंय, आवाज नाही. मी कुठंय, हेच विचारत असणार. त्यानं रत्नाचे केस धरले. चित्र थांबलं. हललं तेव्हा ती जमिनीवर. मधलं दिसलं नाही, पण माझ्या अंगाला कळलं.
पोलिसांना फोन लावला. मग डेअरीसमोरच्या चहावाल्याला – "काका, डेअरीत पळा! रत्नाला मारतोय!"
तेवढ्यात सासूबाई. मुलामागं धावत आल्या असाव्यात. मधे पडल्या. त्यानं दुधाचा कॅन उचलला –
थांबलं. मी टेबलावर मुठी आपटल्या. हल ना!
हललं. सासूबाई फरशीवर. सगळीकडं दूध, डोक्यापाशी लाल. मग माणसं घुसली. चौघापाचजणांनी त्याला खाली दाबला.

१९ नोव्हेंबर
रत्नाचे दात पडले. सासूबाईंना टाके. कुमार कोठडीत. रेकॉर्डिंग मी पोलिसांना दिलं. तरी सासूबाईंचा जबाब – "पाय घसरला माझा." असा संताप आला! तिथं असते तर त्या कॅनखाली मीही असते.

२७ नोव्हेंबर
सासूबाई दारात. डोक्याला पट्टी, हातात कपड्यांची पिशवी. दादा वाट सोडेना. त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या, "जबाब बदलून आले, नूतन. खरं सांगितलं. आता घरी कशी जाऊ? त्याचा बाप हाय तिथं."