खिळ्यावरची पिशवी

विरार (पश्चिम),
२० फेब्रुवारी २००३

प्रिय विनू,

बसने तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या बहिणीला पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "बरी आहे, ताई" म्हणतेस आणि मीही "बरं" म्हणून ठेवून देते. पत्राला मध्येच दूध उतू जातंय असं सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

रविवारी तुझ्याकडे येऊन गेले ते डोक्यातून जात नाही. श्रीपतराव गेल्याला चार महिने झाले. निघताना ऋतिकाने दाराशी हळूच सांगितलं, की आई तेव्हापासून जिना उतरलेलीच नाही. खिडक्या लावलेल्या, भरदुपारी ट्यूबलाइट चालू. जेवताना अर्धी पोळी तू वाटीखाली सरकवलीस, लहानपणी कारल्याची फोड सरकवायचीस तशी. समोर खुर्चीच्या पाठीवर श्रीपतरावांचा करडा मफलर, आणि तू त्याच्याकडे तोंड करून बसलेली. कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ म्हटलं तर म्हणालीस, पाणी यायची वेळ झाली. विनू, ते पाण्याचं कारण मी सात वर्षांपूर्वीच वापरून जुनं केलंय.

हे गेले तेव्हा तू महिनाभर माझ्याजवळ होतीस. नंतरचं तुला मी कधी सांगितलं नाही. तेव्हा आमच्याकडे पाणी दोन दिवसांआड, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. त्यामुळे घरात कोणीतरी असायलाच हवं, हे माझ्या विघ्नेशलाही पटायचं. तो कामावरून येताना सगळं घेऊन यायचा. वाचनालयातली पुस्तकंसुद्धा तोच बदलून आणायचा. चौथी शिकलेली बाई मी, पुड्यांचे कागद वाचत वाचत वाचायला शिकले, तेव्हा दिवसभर वाचत बसले की मी काही वाईट करते आहे असं मला वाटायचंच नाही. पण एकेक पान तीनतीनदा वाचायचे आणि खाली काय लिहिलंय ते कळायचं नाही. भूक नाही. झोप नाही. पाय सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, चाला. मी मान हलवली आणि घरी येऊन पुन्हा पलंगावर बसले.

भाजी मात्र मीच घ्यायची. नंदाखालची इनेझ टोपली घेऊन गल्लीत यायची, मी तिसऱ्या माळ्यावरून दोरीला बांधून पिशवी सोडायची. ती पिशवी तुला आठवत असेल, ह्यांच्या जुन्या तपकिरी पँटची शिवलेली. मागचा खिसा बटणासकट तसाच ठेवला होता. माझी पँट माझ्याआधी बाजारात पोचते, म्हणून हे हसायचे. इनेझचा आणि माझा व्यवहार एवढाच, की खालून ती ओरडणार आणि वरून माझा हात दिसणार.

त्याच वर्षी ऑक्टोबरात एका सकाळी दोरी ओढली तर ती हलकीच वर आली. टोकाला पिशवी नाही. खाली पाहिलं तर इनेझ वळणावरून दिसेनाशी झालेली. वाटलं, चुकून टोपलीत गेली असेल, उद्या आणेल. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हसशील, पण ह्यांच्या फोटोसमोर मी तेवढी रडले नव्हते जेवढी त्या पिशवीसाठी रडले. कपाटातले ह्यांचे कपडे मी देऊन टाकले होते ना. तेवढी एक पँट उरली होती.

चौथ्या दिवशी चपला काढल्या तर त्यांच्यावर पावसाळ्याची बुरशी चढलेली. ओल्या फडक्याने पुसल्या आणि उतरले. आगाशीची बस पकडली, आगाशीला उतरून विचारत विचारत नंदाखालची वाट धरली. ऊन होतं. दोन्हीकडे केळी, माड, पाटाचं पाणी, ओल्या मातीचा वास. एका ठिकाणी वाट चुकून कुणाच्या तरी वाडीत शिरले, तिथल्या म्हाताऱ्याने काही न विचारता शहाळं फोडून हातात दिलं. ते पिताना लक्षात आलं की मला तहान लागली आहे. तहान लागते हेही मी विसरले होते, विनू.

इनेझ ओटीवर बसून पालेभाजीच्या जुड्या बांधत होती. तिच्या मागे भिंतीवर, खिळ्याला, माझी पिशवी. माझ्यावर नजर टाकून म्हणाली, "बस, बाय. एवढ्या लांब आलीस, पाणी पी आधी." मी रागावून विचारलं, तीन दिवस आली का नाहीस? तर म्हणे, "तिसऱ्या माळ्याकडे बघून बघून माझी मान मोडली. आता दोरी नको सोडू. भाजी पाहिजे तर खाली ये." पिशवीत केळफूल घालून दिलं आणि बुधवारी पुन्हा ये म्हणाली, अळूची रोपं काढून ठेवते. त्या दुपारी मी भात वाढून घेतला, दुसऱ्यांदाही घेतला, आणि लादीवरच झोपले ती दिवेलागणीला उठले.

तेव्हापासून सकाळी खाली उतरते, आणि बुधवारी नंदाखाल. आता आगाशीपर्यंतही चालतच जाते. माझं दुःख कमी झालं असं तुला खोटं सांगणार नाही. ह्यांचं नाव कुणी काढलं की आजही हातातलं काम तसंच राहतं. पण घरात ते छातीवर बसायचं, वाटेवर ते शेजारून चालतं. पायांची सूज गेली. पान एकदाच वाचलं की कळतं.

आता खरं ते लिहिते. सहा वर्षं मी समजत होते की पिशवी चुकून गेली. परवाच्या नाताळात इनेझची मुलगी मार्गारेट प्लेट पुढे करता करता बोलून गेली, की आईने गाठ सोडून ती मुद्दाम आणली होती. वरून येणारा हात महिन्या महिन्याला पिवळा पडत चाललाय, ही बाई वरच मरेल, असं घरी येऊन म्हणाली होती. तीन दिवस ती आमच्या गल्लीत फिरकली नाही, भाजी तशीच सुकू दिली. इनेझही लवकर विधवा झालेली. मी तिच्याकडे पाहिलं, तर ती खाली मान घालून वाल सोलत राहिली.

सोमवारी तुझा फोन आला, की मफलर कुठे दिसत नाही, सगळं घर पालथं घातलं. मी म्हटलं नीट शोध. मंगळवारी म्हणालीस, कामाला येणाऱ्या धोंडूबाईंना विचारणार आहे. म्हणून हे पत्र घाईने टाकते आहे. त्या बिचारीला काही विचारू नकोस. मफलर रविवारी तू चहा ठेवायला आत गेलीस तेव्हा मी माझ्या पिशवीत घातला, त्या मागच्या खिशाच्या पिशवीत. तुझ्याशी फोनवर खोटं बोलले. पोस्टाने पाठवणार नाही, ऋतिकाच्या हाती देणार नाही, आणि माझ्याकडे मागू नकोस, कारण तो माझ्याकडे नाही. काल बुधवार होता. मफलर नंदाखालला इनेझच्या ओटीवर, त्याच खिळ्यावर आहे. धूळ बसू नये म्हणून तिने वर धुतलेला रुमाल घातलाय. तुझ्या पारनाक्यावरून आगाशीची नऊची बस मिळते, ती नंदाखालवरूनच जाते. येत्या बुधवारी मी नंदाखालच्या थांब्यावर उभी असेन. माझ्यावर खूप रागावून ये. मीही तशीच गेले होते.

वाट बघणारी, तुझीच
मीराताई