तारसिलाबाईचा पाव

क्वेंका,
९ डिसेंबर

चि. एफ्राइन यास तुझ्या बापाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, राग मानू नकोस. ऑक्टोबरपासून चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा कागद फाडला. फोनवर बोललो असतो, पण तिथे तू नेहमी घाईत असतोस आणि मला नीट रागावता येत नाही. हे पत्र पार्सलात घालतोय. सोबत तुझ्या आवडीचे भाजलेले दोन गिनीपिग आणि उकडलेला मका आहे. आधी खाऊन घे, मग वाच.

माझी तब्येत बरी आहे. गुडघा दुखतो. तुझी झोइला आत्या तिकडे सिगसिग गावात ठीक आहे, तिचं छप्पर मात्र अजून गळतं.

पेन्शनवाले अमेरिकन इथे येऊन राहायला लागल्यापासून इथली महागाई विचारू नकोस. अडीच डॉलरचं जेवण चारवर गेलं. बाजारातल्या तारसिलाबाईकडून मी तीस वर्षं बटाटे घेतो, तुझी आईही तिच्याकडूनच घ्यायची. बटाटे मोजून झाले की वर दोन मुठी फुकट, हा आपला रिवाज. गेल्या महिन्यात तिने मोजले आणि सरळ पिशवी बांधली. मी उभाच. तर म्हणाली, "आबेलार्दोभाऊ, गोरे लोक घासाघीस करत नाहीत आणि वरचंही मागत नाहीत. तुम्हीही शिका आता." आजूबाजूच्या बायका हसल्या.

समोरच्या घरात वॉल्टर नावाचा अमेरिकन राहायला आलाय. तिकडे तो बस चालवायचा. मीही चौतीस वर्षं बसच चालवली. त्याच्या एका महिन्याच्या पेन्शनवर मी अर्धं वर्ष काढीन. माणूस वाईट नाही, गुडघ्याला लावायला मलम आणून दिलं. पण रोज सकाळी बाल्कनीतून तेच म्हणतो, इथे सगळं किती स्वस्त आणि किती शांत. शांत असणारच. या गल्लीतली सगळी पोरं तुमच्या न्यूयॉर्कला भांडी घासतायत. तुम्ही मागे टाकलेली शांतता हे लोक भाड्याने घेतात. तू डॉलर आणायला गेलास, त्याला एकोणीस वर्षं झाली. कागदपत्रं नाहीत म्हणून तुला परत येता येत नाही, आणि डॉलर मात्र आपल्या पायांनी इथे चालत आले.

आता जे लिहायचं ते लिहितो.

ऑक्टोबरात एक मुलगी आली, घरं भाड्याने देणारी एजंट. हातात मोजायची फीत. तिने तुझ्या आईची खोली मोजली, पलंगाचे फोटो काढले. मला वाटलं घरपट्टीचं काही असेल, म्हणून मी तिला कॉफीसुद्धा दिली. जाताना म्हणाली, "आजोबा, तुमचं सामान किती आहे? एक जानेवारीला अमेरिकन जोडपं राहायला येतंय. तुम्ही सिगसिगला बहिणीकडे जाताय ना? एफ्राइनसाहेबांनी सांगितलं नाही?"

एफ्राइनसाहेब.

नाही सांगितलं. त्यानंतर दर रविवारी तुझा फोन आला. दर रविवारी तू पाऊस पडतोय का ते विचारलंस, आणि मीही पावसाचंच सांगितलं.

घर तुझं आहे, मला माहीत आहे. पैसे तुझे. पण प्रत्येक वीट मी उतरवून घेतली. गवंड्याशी मी भांडलो. तुझ्या आईला पायऱ्या उंच पडत होत्या म्हणून जिना दोनदा पाडून घेतला. तुझ्याही अडचणी असतील. काम सुटलं का? पाठ अजून दुखते का? तू सांगितलं असतंस तर मी स्वतः सामान बांधलं असतं. परक्या मुलीच्या तोंडून कळवलंस, राग त्याचा आहे.

तर ऐक. मागच्या रविवारी तारसिलाबाई टोपलीतून पाव घेऊन दारात आली. नाताळच्या मिरवणुकीनंतर गल्लीच्या बाळ येशूची मूर्ती वर्षभर कोणाच्या घरी ठेवायची, ते ठरत नव्हतं. या पावाचा तुकडा मोडून खाल्ला की बाळाला वर्षभर घरी ठेवायचा शब्द दिला, मग माघार नाही, हे तुलाही आठवत असेल. झोइलाला मी सांगितलं की भूक लागली होती, विसरून खाल्ला. ते खोटं आहे. मी तुकडा नाही, अख्खा पाव खाल्ला. तारसिलाबाई बघतच राहिली. म्हणाली, "भाऊ, घर मुलाचं ना? त्याला विचारलंत?"

मी म्हटलं, "त्याने मला कुठे विचारलं."

पंचवीस तारखेला बाळ आपल्याकडे येईल. तुझ्या आईच्या खोलीत ठेवणार आहे. पुढच्या नाताळात सगळी गल्ली त्याला न्यायला याच दारात येईल. बापाला सिगसिगला पाठवता येतं. बाळाला पाठवून दाखव.

हे लिहिलं आणि पुन्हा वाचून पाहिलं. त्या जोडप्याने आगाऊ पैसे दिले असतील. ते तू खर्चही केले असशील. देवाला मधे घातलं, त्याची शिक्षा मला होईल की तुला, हे मला कळत नाही. तुला होऊ नये. किल्ल्या माझ्याकडेच आहेत, त्या मुलीला दिल्या नाहीत.

चोवीस तारखेच्या आत कळव. तिच्याकडून नको, तू स्वतः फोन कर आणि पाऊस विचारू नकोस. राहा म्हण किंवा जा म्हण. जा म्हणालास तर मी मिरवणुकीआधी सगळ्या गल्लीसमोर दिलेला शब्द परत घेईन. आजवर कोणी घेतलेला नाही. पण तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय दार उघडणार नाही. लवकर कळव, बाळा.

अजून तुझ्याच घरात असलेला,
तुझा बाप
आबेलार्दो