गूळ नसलेली खीर

६ नोव्हेंबर, गुरुवार

हंगाम सुरू झाला. जिनिंगच्या फाटकाबाहेर सकाळपासून कापसाच्या गाड्या उभ्या. रखवालदाराने मला अडवून नाव विचारले. नवा माणूस असेल असे वाटले. नवा नव्हता, गेल्या हंगामातलाच; मला ओळखले नाही.

हिशेब विभागातली माझी खुर्ची तीच आहे. पूर्वी ती भरून जात असे. आता दोन्ही हातांच्या बाजूंना जागा उरते. शेठ म्हणाले, लहान खुर्ची मागवू का. नको म्हणालो. कारण दिले नाही.

दुपारी वाटीभर वरण आणले होते, त्यातले निम्मे परत. शस्त्रक्रियेनंतर जठराची पिशवी अंड्याएवढी उरली आहे. डॉक्टरांचे नियम: सावकाश, चावून, जेवताना पाणी नाही, गोड नाही. कार्यालयात सर्वांना सांगितले आहे की जूनमधली रजा गुडघ्यांसाठी होती. खरे एकट्या भीमरावला माहीत. संभाजीनगरला दवाखान्यात तोच सोबत होता.

११ नोव्हेंबर

भीमराव कापसाची प्रत ठरवतो. बोटांनी बोंड चिमटून धागा ओढून पाहतो आणि त्याच बोटांनी माझे मनगट धरून म्हणाला, "सायेब, लांब धागा हाय, पर वजन न्हाई. अन् वारं सुटल्यावर बाहेर येत जाऊ नका, रुईसंगं उडून जाताल."

हसलो. दिवसभरातले तेवढेच.

पूर्वी जेवायच्या सुटीत चौघे-पाचजण माझ्या टेबलाभोवती डबे उघडत. एकेकाने जागा बदलली. कोणाचाही दोष नाही. समोरचा माणूस चार चमच्यांत थांबला की आपला घास आपल्यालाच मोठा दिसू लागतो. भीमराव तेवढा येतो. तोही अलीकडे लवकर आटोपतो.

१५ नोव्हेंबर

पाथरीचे एक व्यापारी आले. बिलाचे काम होते, पण बिल काढलेच नाही. सफरचंदांची पिशवी टेबलावर ठेवली, खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली आणला. "धीर सोडू नका. आजकाल औषधं लय निघालेत." निघताना माझा हात दोन्ही हातांत धरला.

ते गेल्यावर उलगडा झाला. लोकांची समजूत झाली आहे की मला मोठा रोग आहे. तो शब्द कोणी उच्चारत नाही, "ते" म्हणतात.

दुरुस्त करणे सोपे होते. केले नाही. या माणसाला स्वतःच्या तोंडावर ताबा ठेवता आला नाही म्हणून पोट कापून शिवून घेतले, असे बाजारभर होण्यापेक्षा हे परवडले असे वाटले. रोगी माणसाला निदान कोणी हसत नाही.

सफरचंदे रखवालदाराला दिली.

२० नोव्हेंबर

मानवतहून बहिणीचा, शकूचा फोन. अश्विनीची सोयरीक जमल्यात जमा. मुलगा बँकेत, वडील नामदेवराव, गंगाखेडकडचे, शेती आणि खतांचे दुकान. रविवारी सुपारी फोडायची. मी म्हणालो, शनिवारीच येतो.

"दादा, तू येऊ नको. उगं दगदग."

"मामाशिवाय सुपारी?"

"असू दे रे. तू आराम कर."

शकूचे यजमान मूत्रपिंडाच्या विकाराने गेले तेव्हा अश्विनी तिसरीत होती. शाळेचा दाखला, वसतिगृह, कॉलेजचा प्रवेश, सगळीकडे पालक म्हणून सही माझी. पत्नी सुमती होती तोवर अश्विनी दर सुटीत आमच्याकडे. आम्हाला मूल नाही; ती कमतरता त्या दिवसांत जाणवत नसे.

आराम करतो आहे.

२४ नोव्हेंबर

काल सुपारी झाली नाही. पुढे ढकलली. शकूने कारण सांगितले नाही, नंतर बोलते म्हणाली आणि फोन ठेवला.

२७ नोव्हेंबर

भीमराव दार लोटून आत आला. हे तो कधी करत नाही.

"सायेब, एक बोलू का? रागावू नका. गावभर झालंय, तुमाला क्यान्सर हाय म्हणून."

"ठाऊक आहे."

"अन् भाचीची सुपारी त्याच्यापायीच थांबली, हे ठाऊक हाय का? माझा साडू तिकडलाच. त्यानं कानानं ऐकलंय. बाप किडनीनं गेला, मामा चाललाय, पोरीच्या अंगात काय हाय कुनास ठाऊक, असं बोलायलेत लोक."

 तो उभाच होता.

"सांगून टाका की हो. चोरी केली का तुमी?"

चोरी नव्हे. पण चोरासारखे

२८ नोव्हेंबर

काल वाक्य अपुरे राहिले. तसेच असू दे.

शकूला फोन केला. मला कोणताही रोग नाही असे स्पष्ट सांगितले. ती रडू लागली. "डॉक्टर तुला खरं सांगत नसतील दादा. तुझा चेहरा पाहिला ना मी दिवाळीत. अश्विनीच्या बाबांचा शेवटी तसाच झाला होता." मी पुन्हा म्हणालो, मी ठणठणीत आहे. "हो, हो," म्हणाली. लहान मुलाला म्हणतात तसे.

शस्त्रक्रिया हा शब्द ओठापर्यंत आला होता. दिवाळीत तिने केलेले अनारसे मी रुमालात बांधून घरी आणले होते, तेही सांगायला हवे होते.

९ डिसेंबर

नामदेवराव स्वतः कापूस घेऊन आले. कापसाच्या हिशेबाची पट्टी घ्यायला माझ्याच टेबलासमोर बसले. माणूस सरळ, डोक्याला रुमाल, बोलणे कमी. माझ्याकडे पाहायचे टाळत होते आणि पाहतही होते. मी आवाज जरा चढवून बोललो, उठून कपाटातून फाइल स्वतः काढली. तब्येतीचे प्रदर्शन. नंतर स्वतःचीच लाज वाटली.

उठताना म्हणाले, "येळवसला या शेतात. मानवतच्या ताईलाबी सांगितलंय."

वेळ अमावस्येचे बोलावणे तोंडदेखले नसते. ज्याला बोलावले त्याने यावे, शेतात बसून पोटभर जेवावे. येतो म्हणालो. तिथे चारचौघांत बसून जेवलो की प्रश्न मिटेल. हा हिशेब मला बिनचूक वाटतो.

१९ डिसेंबर, वेळ अमावस्या

संध्याकाळी परत आलो, लगेच लिहितो आहे.  

हरभऱ्याच्या रानात कडब्याची खोपटीवजा कोप, आत पूजा, बाहेर ज्वारीच्या ताटांच्या सावलीत पंगत. शकू आणि अश्विनी आधीच आलेल्या. अश्विनीने मला बसायला घोंगडी दुमडून दिली. आजारी माणसाला देतात तशी दुहेरी. मुलगा लांबून नमस्कार करून गेला. चांगला वाटला.

मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. मी ठरवून आलो होतो: भज्जी थोडी, चावून, आंबिलीचे दोन घोट, बाकी बोलण्यात काढायचे. भज्जीपर्यंत सर्व नीट झाले. मग नामदेवरावांच्या पत्नी गव्हाच्या खिरीचे पातेले घेऊन आल्या. गूळ, वर तुपाची धार.

"घ्या की मामा. एवढं खाऊन काय व्हतंय? का आमच्या हातचं चालत न्हाई?"

सगळ्यांच्या माना वळल्या. शकू खाली पाहत होती. मी वाटी पुढे केली. संपवली. दुसरी वाढली, तीही निम्मी.

थोड्याच वेळात छातीत धडधड, कानशिलांवर घाम, शेत तिरपे झाले. असे होते हे मला माहीत होते, डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले आहे, गोड खाल्ल्यास काय होईल ते. उठून बांधापर्यंत गेलो, तिथे बसलो, उलटी झाली. नामदेवरावांनी मला धरून बाजेवर निजवले. स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून माझे तोंड पुसले. "पित्त," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. शकूच्या हुंदक्याचा आवाज कोपीतून येत होता.

पंगत तशीच मोडली. सणाच्या दिवशी, त्यांच्या शेतात.

निरोगी असल्याचे दाखवायला गेलो होतो.

२१ डिसेंबर

भीमराव: "खीर? दोन वाट्या? सायेब, तुमी बी. कॉम. झालेत ना?"

२ जानेवारी

तिकडून काही कळवले नाही. शकू रोज फोन करते आणि फक्त जेवलास का विचारते. मी रोज हो म्हणतो. अश्विनीने एकदा फोन घेतला. "मामा, मला नसलं करायचं तिथं तरी चालतंय. तू टेन्शन घेऊ नको." मुलगा तिला पसंत आहे, हे तिच्या आवाजात स्वच्छ होते.

माझ्या प्रतिष्ठेपायी हे चालले आहे. रविवारी जातो.

४ जानेवारी, रविवार

गंगाखेड. एकटाच गेलो. दवाखान्याची फाइल पिशवीत.

नामदेवराव ओसरीवर होते. त्यांच्या पत्नी पाणी घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. मी बसलो नाही. उभ्याने सांगितले: मला कर्करोग नाही. वजन फार वाढले होते, गुडघे जात होते, रात्री श्वास अडत होता. जूनमध्ये शस्त्रक्रिया करून पोट लहान करून घेतले. म्हणून बारीक झालो. खिरीने त्रास झाला तो गुळामुळे.

 मग दारातून:

"अगं बाई! म्हंजे उपाशी राहायला डागदर लागतो का?"

त्यांना हसू आवरेना, पदर तोंडाला लावून आत गेल्या. आतूनही हसू ऐकू येत होते. ज्याची मला सहा महिने भीती होती ते हेच हसू. ऐकले. इतके काही नव्हते.

नामदेवराव हसले नाहीत.

"मग त्या दिशी खाल्ली कामून?"

"नाही म्हणता आले नाही."

"अन् हे लपवलं कामून?"

"लाज वाटली."

ते पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले. "रोग असता तर एक येळ समजून घेतलं असतं. लपवलं म्हनल्यावर मानूस इचार करतो, अजून काय लपलंय." मी फाइल पुढे केली. त्यांनी घेतली, उघडली नाही, परत दिली. "घरात बोलून कळवतो."

त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मला म्हणता येत नाही.

५ जानेवारी

शकूला सांगितले. सगळे. अनारशांसकट.

तिने ऐकून घेतले. मग: "मी सोमवार धरलेत तुझ्यासाठी. श्रावणापासून. दिवसभर नुसतं पाणी. रात्री देवापुढं बसून रडायचे, माझ्या भावाला अन्न जाऊ दे म्हणून. आणि तू..."

फोन ठेवला. नंतर उचलला नाही. आज सोमवारच होता.

१४ जानेवारी, संक्रांत

मानवतहून दरवर्षी तिळाचे लाडू येतात. सुमती गेली त्या वर्षीही आले होते. या वर्षी नाहीत. खाता आले नसतेच. तो मुद्दा नाही.

अश्विनीचा मेसेज आला: "आई बोलत नाहीये. रागावली आहे. तुझ्यावर पण आणि स्वतःवर पण." तिकडची काही बातमी? "नाही."

कार्यालयात मात्र आता सर्वांना कळले आहे, मीच सांगितले. दोन दिवस विनोद झाले. हमालांनी मला वजनकाट्यावर उभे राहायचा आग्रह केला, राहिलो. पाथरीचे व्यापारी फोनवर म्हणाले, "मग माझी सफरचंदं परत करा." आज जेवायच्या सुटीत दोघे पुन्हा टेबलाशी आले. माझे चार चमचे, त्यांच्या चार पोळ्या. संध्याकाळी घर उघडले तेव्हा नेहमीसारखेच होते.

२२ जानेवारी, गुरुवार

शेवटच्या वेचणीचा कापूस घेऊन नामदेवराव आले. भीमरावने प्रत पाहिली, भाव सांगितला, त्यांनी घासाघीस केली नाही. पट्टी घेऊन खिशात ठेवली तरी उठेनात. मग पिशवीतून स्टीलचा लहान डबा काढून टेबलावर ठेवला.

"घरातून दिलाय. खीर हाय. गूळ न्हाई घातला."

मी डबा उघडला. दोन घासांचीच. तेवढीच मुद्दाम दिलेली. गहू, दूध, चिमूटभर मीठ. सावकाश खाल्ली. ते समोर बसून राहिले, घाई केली नाही, इकडेतिकडे पाहिले नाही. भीमराव दाराशी थांबून म्हणाला, "मामांनी डबा संपवला, लिहून ठेवा कुटंतरी." चव नव्हती असे म्हणणे बरोबर होणार नाही. शस्त्रक्रियेनंतर वाढलेले सगळे संपवण्याचा हा पहिला प्रसंग.

सुपारीचे त्यांनी काढले नाही. मी विचारले नाही. "येतो," म्हणाले. डबा न्यायला विसरले. का मुद्दाम ठेवला, सांगता येत नाही.

घरी आणून घासला, पुसला, ओट्यावर ठेवला. दुसऱ्याच्या घरचा डबा रिकामा परत करायचा नसतो, एवढे मलाही माहीत आहे. पण त्यात काय घालतात? व्याही अजून झालेले नाहीत, परके म्हणावेत तर तसेही नाही. अशा घरी साखर चालते का, की नारळ द्यावा, की काही करूनच पाठवावे. हे सगळे सुमती पाहत असे. तिच्यानंतर शकू.

फोन लावला. वाजत राहिला. ठेवणार इतक्यात उचलला गेला. कुकरची शिट्टी ऐकू आली.

"शकू, गंगाखेडहून खिरीचा डबा आला होता. परत पाठवताना आत काय घालायचे असते?"

 नाक ओढल्याचा आवाज.

"तू खाल्लीस?"

"संपवली. गूळ नव्हता."

 फोन तिने ठेवला नाही. मीही नाही.

"डबा केवढा आहे?" ती म्हणाली.