वाऱ्यावर गेलेलं पान

ती. ताई,

नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? उगाच जिने चढत बसू नकोस. मी खुशाल आहे, म्हणजे उजवा गाल सोडून. तो सुजून टम्म झालाय.

शेजारचा रिकामा फ्लॅट घेण्याआधी इथली हवा कशी, माणसं कशी, ते खरं खरं कळव म्हणालीस. हवा ऐक. वर्षभरात इथे नव्या सहा इमारती उठल्या आणि त्यांच्या मधून असा वारा सुटतो की सकाळी वाळत घातलेला शर्ट दुपारी कुणाच्या गॅलरीत असेल ते देवाला ठाऊक. (म्हणून फाटकाशी एक तार बांधलीय. उडून आलेली वस्तू ज्याला सापडेल त्याने तिथे चिमट्याने लावायची. सगळे इमानाने लावतात. माझा भोकाचा मोजा तिथे चौदा दिवस होता, पण तो माझा म्हणायची हिंमत झाली नाही.)

माणसांबद्दल मी सोमवारी गॅलरीत बसून सविस्तर लिहिलं. चेअरमनबाई नाकाने कांदे सोलतात, तळमजल्यावरचा शिंपी मापं घेताना जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढतो, आणि समोरचे दातांचे डॉक्टर म्हणजे त्यांच्यापेक्षा कसाई परवडला. पान भरलं, चष्मा पुसायला हात उचलला, आणि पान गेलं!

तेव्हापासून, ताई, रोज तार बघतो. टॉवेल आहे, झबलं आहे, पान नाही. म्हणजे कुणीतरी ठेवून घेतलंय. काल चेअरमनबाईंनी "बरे आहात ना?" विचारलं. त्या कधी कुणाला विचारत नाहीत. शिंपी मला बघून गप्प बसला. शिंपी, आणि गप्प! हल्ली मागच्या जिन्याने येजा करतो. त्यात परवापासून दाढ ठणकतेय, आणि अख्ख्या वसाहतीत दातांचा डॉक्टर एकच. त्यांनी ते वाचलं असेल, तर हातात पकड घेतलेल्या त्या माणसापुढे तोंड उघडायचं कसं?

तू इकडे येऊ नकोस. मीच तिकडे येतो.

तुझा घाबरलेला भाऊ

ता. क. आता सोसवत नाही. चारला जातोय. पत्रावर इस्त्री ठेवलीय. परत आलो नाही तर कुणीतरी टपालात टाकेलच.

ता. क. २. आलो! डॉक्टरांनी माझा घाम पुसला, आणि दाढ कधी निघाली ते कळलंसुद्धा नाही. निघताना ती कागदात गुंडाळून हातावर ठेवली. घरी पुडी उलगडली, तर माझंच पान! 'कसाई'खाली रेघ, आणि तळाशी त्यांच्या अक्षरात: "ताईंना नमस्कार. बाकी सगळं बरोबर आहे. एक लिहायचं राहिलं. हे रोज संध्याकाळी गॅलरीत दोन खुर्च्या मांडतात आणि एकटेच बसतात. तुम्ही या."

दुसरी खुर्ची पाय ठेवायला लागते, असं मी त्यांना सांगणार आहे. तुला काय सांगू? कधी येतेस? येताना चिमटे आण, चांगले घट्ट.