खुर्ची, हरेक उजेडात

३ जून, सोमवार
आले एकदाची! नोकरी मोठी झकास आहे. बिनखिडकीची एक खोली, छताला तऱ्हेतऱ्हेचे दिवे आणि मधोमध एक लाकडी खुर्ची. कॉम्प्युटर भरपूर उजेडात खुर्ची बरोबर ओळखतो; दिवा जरा सरकवला, सावली पडली, की स्वारी गोंधळते. म्हणून त्याच खुर्चीचे हरेक उजेडात फोटो काढून त्याला शिकवायचं. दारही त्याच्याच ताब्यात. समोर माणूस दिसला तरच उघडतं. मोबाइल बाहेर ठेवायचा, त्याच्या उजेडाने फोटो बिघडतात. ताईला सांगितलं तर म्हणाली, लग्नाचे फोटो काढायचे सोडून खुर्च्यांचे काय काढतेस!

५ जून, बुधवार
पाय दुखले की मी त्याच खुर्चीवर टेकते आणि बसल्या बसल्या रिमोटने फोटो काढते. दिवे लावणाऱ्या काकांनी पाहिलं, पण रागावले नाहीत. म्हणाले, माणूस बसला म्हणून खुर्चीचं काही टेबल होत नाही. देवमाणूस! सगळे फोटो कॉम्प्युटरला ‘खुर्ची’ म्हणूनच शिकवले.

७ जून, शुक्रवार
पिवळ्या उजेडात दार उघडेना. पांढरा दिवा लावला तेव्हा कुठे उघडलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझ्याभोवती चौकट होती आणि वर लिहिलं होतं, खुर्ची. काका पोट धरून हसले. मीही हसले, पण आतून चरकले.

१० जून, सोमवार
निळ्यातही नाही, मंद उजेडातही नाही. मी बसलेले ते फोटो काढून टाका म्हणून काकांच्या मागे लागले. हो हो म्हणाले, पण पडद्याकडे बघत. हल्ली ते माझ्याकडे बघून बोलतच नाहीत.

११ जून
आता पांढराही चालेना. हात हलवले, उड्या मारल्या, दारावर धडका दिल्या — खुर्ची. आत कोणी नाही असं समजून पंखा बंद झाला, मग दिवे. उरलाय तो पडद्याचा उजेड. फार भीती वाटतेय. ताई न्यायला येणार आहे, ती तरी —

ताईचा आवाज! दाराबाहेर. काका तिला सांगतायत, आत कोणी नाही, पडद्यावर बघा ना. घसा फुटेपर्यंत ओरडले, पण तोंडून नुसती लाकडासारखी करकर. ती रडत परत —

पाय हलत नाहीत. गुडघ्यात वाकलेत, तसेच. लिहिणारा हात तेवढा —

दार उघडलं. काका. दिवा लावला. माझ्याकडे पाहिलं, अगदी नीट निरखून — म्हणाले, दोन खुर्च्या कशा झाल्या इथे? — मला भिंतीशी ओढलं — दमलो बुवा, म्हणाले — पाठ वळवली — काका, नका, मी आहे — ते माझ्यावर बस