उरलेला डाव

३ मार्च
सौंदडहून बिऱ्हाड हलवून गोंदियात आलो. रश्मीला खोली आवडली. योगेश्वरीला गच्ची; पाच वर्षांची पोर दिवसभर वरखाली धावत होती. नोकरी व्हिडिओ गेम पार्लरची. काचांना काळा कागद, आत गारेगार एसी, घड्याळ कुठंच नाही. मशिनी पुसायच्या, अडकलेली बटणं सोडवायची, गिऱ्हाइकांना चहा द्यायचा. मालक गुड्डूभाऊंनी एवढंच बजावलं, "काम करना, खेलना नहीं." मला हसू आलं. मला साधे पत्तेही खेळता येत नाहीत.

९ मार्च
कोपऱ्यातल्या मशीनवर कुंजीलालकाका बसतात, तिरोड्याचे निवृत्त मास्तर. पैसे भरून बटण दाबलं की पडद्यावर तीन फळं फिरतात, तिन्ही सारखी थांबली की डाव लागतो. आज त्यांना मोठा डाव लागला. दिवे चमकले, गाणं वाजलं. मी अभिनंदन केलं तर वैतागले. "जितलो का थांबा लागते न बाबू. गाणं वाजेपर्यंत बटण चालत नाही." मग कायले खेळता, असं विचारलं. म्हणाले, इथं बसलो का काहीच आठवत नाही. काकू गेल्या, तेही नाही.

१५ मार्च
काकांच्या खुर्चीखाली ओल दिसली. चहा सांडला समजून फडकं घेऊन वाकलो. चहा नव्हता. काकांना पत्ताच नव्हता, बोट बटणावर चालूच. खांद्याला हात लावला, तर मी भिंतीतून निघालो असावा तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

२१ मार्च
दुपारी काका खुर्चीतच गेले. मी ओरडलो. शेजारच्यानं मशीनवरची नजर काढली नाही. काकांचा पाय त्याला आड येत होता, तेवढा त्यानं सारला.
अँब्युलन्स गेल्यावर गुड्डूभाऊ म्हणाले, काकांनी भरलेल्या पैशांचा डाव उरला आहे, "खतम कर दे, दूसरा बैठेगा." खुर्ची अजून गरम होती. मी बटण दाबलं. दोन फळं सारखी थांबली, तिसरं जरासं पुढं सरकलं. जरासंच.

२४ मार्च
रश्मी म्हणाली, जेवताना बोटानं ताट काऊन ठोकून राहिले? मला माहीतच नव्हतं. भीती वाटली. नोकरी सोडतो म्हणून सांगायला गेलो. सांगितलं नाही. काकांच्या मशीनवर बसलो.

२८ मार्च
रश्मी माहेरी, तिची आई दवाखान्यात. योगेश्वरीला सोबत आणलं, बाहेर बाकावर बसवलं. एकच डाव म्हणून आत गेलो. बाहेर आलो तर ऊन उतरलेलं. बाक रिकामा.
पानठेल्यावरचा मोनू म्हणाला, "पोरगी कितीक वेळ काच ठोकून राहिली होती, भाऊ. मले वाटलं, तुम्ही पाहून राहिले. मग रडत रेल्वेच्या पटरीकडे गेली."
ते ठोकणं मी ऐकलं होतं. मशीनचं वाटलं.

२८, संध्याकाळ
पटरी पाहिली. स्टेशन पाहिलं. नाही. मोनू शोधायला पुलापलीकडे गेला. मी पोलिसांत निघालो — रस्ता पार्लरवरूनच — दोन मिनिटं बसतो, छातीतली धडधड थांबेल — रश्मीचा फोन वाजतो आहे —

थांबली. धडधड थांबली. डायरी मांडीवर, डावा हात बटणावर —

मोनू आला. दार ठोकतो आहे. "भाऊ, पोरगी —" एवढंच ऐकू आलं. पुढचं ऐकलं तर उठावं लागेल — ऐकलं नाही तोवर ती कुठंतरी आहे —