उरतो तो फरक

३ मार्च

आलो एकदाचा! खोली बघून जीव खूश झाला. तिसरा मजला, इमारतीची मागची बाजू, भिंतींना जाड राखाडी फोम, एकच खिडकी आणि तीही दुहेरी काचेची. दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. अशा खोलीसाठी ध्वनीच्या धंद्यातली माणसं जन्मभर नाक घासतात, आणि मला ती एका खेळण्यापायी मिळाली.

खेळणं म्हणजे ‘दिवेवाला’. जुना व्हिडिओ गेम. एक टोपीवाला ठेंगू मनोरा चढत जातो आणि मजल्यामजल्यावरचे दिवे लावतो, एवढीच कथा. आमच्या पिढीनं त्यापायी डोळे फोडून घेतले. आता ही कंपनी तो नव्यानं काढते आहे आणि पेच असा पडलाय, की संगीत कोणतं घ्यायचं? गेम तीन प्रदेशांत विकला गेला आणि तिन्हीकडं संगीत निराळं. एक ‘मूळ’, जिथं तो बनला तिथलं. दुसरं ‘अपुरं’, कारण तिथल्या यंत्राला एक वाद्य कमी वाजवता यायचं. तिसरं ‘संथ’, तिथल्या टीव्हीचा वेगच कमी, म्हणून सगळी गाणी पेंगुळलेली. मी लहानपणी ऐकलं ते संथ. तिन्ही ताडून बघायची आणि निकाल द्यायचा, हे माझं काम.

मालक भला माणूस आहे, म्हणजे डोक्यानं बेताचा. माझा हात हातात घेऊन म्हणाला की या संगीतानं त्याला घडवलं. घडलेलं दिसतंच आहे. बोलता बोलता त्यानं कॉफीचा कप माझ्या कागदांवर ठेवला. कागद दिसला की त्याला बशी वाटत असावी.

संध्याकाळी खारूला फोन केला. खारू हे आमचं कन्यारत्न. गालात खाऊ साठवते म्हणून खारू. ती आणि तिची आई महिनाअखेरीला इथं राहायला येतील. तोवर करार असा, की मी रोज फोनवर दिवेवाल्याची पहिल्या मजल्याची धून गुणगुणायची आणि मगच बाईसाहेब जेवायला बसणार. धून नाही तर घास नाही. हट्टीपणात बापावर गेली आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

५ मार्च

कामाची रीत इथं लिहून ठेवतो. आवृत्त्या ताडायला मी कानांवर विसंबत नाही, कान खुशामतखोर असतात. एका ध्वनिमुद्रणाची लाट उलटी करायची आणि दुसऱ्यावर ठेवायची. एकीचा चढ तिथं दुसरीचा उतार. दोन्हींत जे सारखं, ते एकमेकांना खाऊन टाकतं. जे वेगळं, तेवढंच ऐकू येतं. ‘मूळ’वर ‘अपुरं’ उलटं ठेवलं, तर सगळं गाणं जातं आणि ते एक हरवलेलं वाद्य एकटंच वाजत राहतं. बघणाऱ्याला जादू वाटते, आहे नुसती वजाबाकी.

त्यासाठी दोन्ही मुद्रणं काटेकोर जुळावी लागतात. म्हणून प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला आपल्या आवाजात नोंद बोलायची, ‘मजला पहिला, आवृत्ती संथ’, आणि एक टाळी द्यायची. टाळीवर टाळी बसवली की झालं.

हे काम माझ्याआधी एक जण करायचा. त्याला मी पूर्वसुरी म्हणतो. त्याची मुद्रणं आज ऐकली आणि हसून हसून पोट दुखलं. गाणी ठीक आहेत, पण त्या नोंदी! आधी जिभेचा एक चट् आवाज. मग उसासा. मग शोकसभेत बोलावं तसं, ‘मजलाऽ… पहिलाऽ…’ अरे, खेळण्याचं गाणं आहे, कोणी गेलेलं नाही!

शेजारच्या खोलीत जुनी चित्रं नव्यानं रंगवणारी चित्रकारीण बसते. तिला पूर्वसुरीची नक्कल करून दाखवली. नकला मला लहानपणापासून साधतात. माणूस दोन वाक्यं बोलला की तो माझ्या गळ्यात आला. ती खूप हसली. मग म्हणाली, गंमत म्हणजे तो कसा दिसायचा ते तिला आठवत नाही. शेवटी शेवटी तर इतकं हळू बोलायचा, की तो खोलीत आहे हेच कळायचं नाही. केव्हा सोडून गेला तेही कोणाला ठाऊक नाही. मी म्हटलं, असल्या माणसाची जाहिरात काय द्यायची, हरवला आहे म्हणून?

८ मार्च

आज स्वतःवरच हसायची वेळ आली. पहिल्या मजल्याच्या धुनेत, शेवटच्या वळणावर, सूर खाली उतरतो. तिन्ही आवृत्त्यांत. मी मात्र तिथं तो वर नेतो, लहानपणापासून. कधीतरी चुकीचा बसला आणि तसाच राहिला. खारूलाही तसाच शिकवला.

चूक ती चूक. संध्याकाळी फोनवर तिला बरोबर धून ऐकवली. तिनं लगेच अडवलं. म्हणाली, असं नाहीये, बाबाचं वर जातं. मी समजावलं की बाबाचं चुकलं होतं. ती म्हणाली, चुकू दे, मला तेच हवं. तिची आई मागून म्हणाली की पोर जेवायची थांबली आहे, तुमचं शास्त्र नंतर शिकवा. या घरात तालासुराची कदर मला सोडून कोणाला नाही. मी बरोबर तेच पुन्हा गुणगुणलो. खारू जेवली नाही म्हणे.

११ मार्च

पूर्वसुरीची मुद्रणं वापरावीत असं मालकाचं मत. नव्यानं कशाला करायची, त्यानं जीव ओतून केली आहेत, वगैरे. जीव ओतून! मी ठरवलं की त्यानं काय दिवे लावलेत ते एकदा दाखवूनच द्यावं. सगळी गाणी पुन्हा मुद्रित करायची, त्याच्यावर उलटी ठेवायची, जे उरेल ते त्याचे घोळ.

पहिलं गाणं तपासलं. संगीत गेलं आणि थोडी खरखर उरली. लिहायला वाईट वाटतं, पण त्याचं काम स्वच्छ आहे. नोंदी अर्थातच उरल्या. माझा आवाज आणि त्याचा, दोन बोके एका पोत्यात घातल्यासारखे. नोंदी उरायच्याच. दोन माणसांचे आवाज कधी एकमेकांना खात नाहीत.

१२ मार्च

कंटाळा आला म्हणून आजच्या नोंदी पूर्वसुरीच्या आवाजात बोललो. चट्, उसासा, ‘मजलाऽ… दुसराऽ…’ चित्रकारीण दारात उभी राहून हसत होती.

मग त्या त्याच्या मुद्रणांवर उलट्या ठेवल्या.

संगीत गेलं. नोंदही गेली. चट् नाही, उसासा नाही, शब्द नाही. खरखरसुद्धा नाही. चित्रकारीण म्हणाली, वा, काय हुबेहूब नक्कल! तिला काय कळतंय. हुबेहूब नक्कल म्हणजे माणसांना सारखी वाटते ती. लाटेला फसवता येत नाही. दोन गळे, दोन छात्या, दात वेगळे. हे होत नसतं.

यंत्र बिघडलं असणार. या कंपनीत कॉफीचं यंत्रसुद्धा धड नाही.

१३ मार्च

यंत्र ठीक आहे. दुसऱ्या यंत्रावर केलं, तेच.

मग माझ्या नेहमीच्या आवाजात नोंद बोललो. खणखणीत, भरभर. ती उलटी ठेवली. तीही गेली.

परत ऐकली. नुसती माझीच, वजाबाकी न करता. आधी चट्. मग उसासा. मी भरभर बोललो होतो. मला चांगलं आठवतं आहे की मी भरभर बोललो होतो.

१५ मार्च

नक्कल बंद केली आहे. तरी जीभ आपोआप चट् वाजते.

सकाळी मालकाला हाक मारली, त्यानं मान वर केली नाही. पुन्हा मारली. मग खांद्याला हात लावला तर दचकला आणि म्हणाला, अरे, तू कधी आलास? मी म्हटलं, कानात बोळे घातलेत का? त्यावर तो म्हणाला, काय म्हणालास, जरा मोठ्यानं बोल. मी ओरडतच होतो.

फोनवर ही म्हणाली की लाईन खराब आहे, विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू येता. खारूला धून ऐकवली. ती विचारत राहिली, बाबा, म्हण ना. बाबा, कधी म्हणणार?

१७ मार्च

पूर्वसुरीची अगदी सुरुवातीची, चाचणीची मुद्रणं शोधून ऐकली. ती आधी उघडलीच नव्हती, कशाला ऐकायची म्हणून.

तिथं तो असा बोलत नाही. तिथं त्याचा आवाज खणखणीत आहे. भरभर, टोचरा, जरा शिष्टच. माझ्यासारखा. एका नोंदीनंतर यंत्र चालू राहिलं आहे आणि तो कोणाला तरी हसत सांगतो आहे, की माझ्याआधीचा येडा कसा बोलायचा ऐक. मग चट्. मग उसासा. मग, ‘मजलाऽ…’

तो आवाज त्याचाही नव्हता. तोही कोणाची तरी टर उडवत होता.

मला माझी स्वतःची भीती वाटते आहे, आणि भित्र्यांची मला किळस आहे.

१९ मार्च

खारूनं फोन उचलला. हॅलो, हॅलो, हॅलो. मी इतका ओरडलो की घसा सोलवटला. ती आईला म्हणाली, कोणीच नाहीये. मग फोन ठेवला.

हिला मेसेज टाकला की घसा बसला आहे, खारूला सांग. तिचं उत्तर आलं, की एकदा बोला तरी, पोर नीट जेवत नाही.

२१ मार्च

सामान घेऊन घरी जायला निघालो होतो. थांब्यावर मी एकटाच. बस आली, वेग कमीसुद्धा केला नाही. हात केला, रस्त्यात उतरलो. ड्रायव्हर माझ्याकडं बघत होता, म्हणजे माझ्या मागच्या भिंतीकडं बघत होता. अंगावर घातली असती.

परत खोलीत. इथं निदान खुर्ची माझी आहे.

२३ मार्च

चित्रकारीण आत आली आणि दिवा बंद करून गेली. मी इथं बसलेलो.

हिचा मेसेज: मालक म्हणतात तुम्ही काम सोडून गेलात. हे कोण लिहितंय? फोन कोणाकडं आहे?

मी लिहिलं, मीच गं. तिनं विचारलं, मग खारूची धून काय ते लिहा. धून कशी लिहायची—

२५ मार्च

दिवसभर एकच प्रयत्न. तो चुकीचा सूर. वर जाणारा. तो कोणत्याच आवृत्तीत नाही, पूर्वसुरीकडं नाही, त्याच्याआधीच्याकडं नाही. फक्त माझा. फरक उरतो, हे मीच लिहिलं आहे. तो सूर लागला तर मी ऐकू येईन.

लागत नाही. गळा खालीच उतरतो. बरोबर, बरोबर, दर वेळी बरोबर. चूक कशी होती तेच आठवत नाही— किती वर—

२८ मार्च

आल्या. दोघी. या क्षणी समोर आहेत.

‘मी इथं आहे’ असं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टेबलाच्या कडेला ठेवलं. मालकानं त्यावर कॉफीचा कप ठेवला. गाढव. गाढव.

ही रडलेली आहे. मालक तिला म्हणतो आहे की शेवटपर्यंत काम करत होता, हे ऐका, आणि माझी मुद्रणं लावतो. चट्. उसासा. ‘मजलाऽ…’ खारू म्हणाली, हा बाबा नाही.

तिच्या कानाशी वाकलो. तिच्या केसांना हात लावला. तिनं डोकं खाजवलं.

आता गाणं वाजतं आहे. ती म्हणते आहे, हे चुकलंय, बाबाचं वर जातं. मालक हसून म्हणाला, कसं ते म्हणून दाखव बरं.

म्हणते आहे! वर— हो, तिथूनच वर! तोच सूर. माझा. माझी शहाणी पोर. आला, माझ्या गळ्यात आला. मी तिच्याबरोबर म्हणतो आहे. हुबेहूब. सुराला सूर—

ही तिला म्हणते आहे, थांबलीस का? म्हण ना.

ती थांबलेली नाही. तिचे ओठ हलताहेत. मला दिसतं आहे, गळा हलतो आहे, ती म्हणते आहे—

सारखं सारख्याला खातं! मी गप्प झालो. लगेच. तोंडावर हात दाबून धरला आहे. खारू आईकडं बघते आहे, मोठ्यानं म्हणते आहे, ओरडते आहे, आणि खोलीत नुसती—